गादीखालचं पाणी

लिफ्टच्या शेजारची लादी उलटी बसवली होती. कार्यालयाच्या इमारतीचं तळमजल्याचं दालन महिनाभर प्लास्टिकच्या पडद्यांमागे होतं, आणि त्या दिवशी सकाळी पडदे निघाले तेव्हा भिंतभर पिवळसर वालुकाश्माच्या लाद्या दिसू लागल्या. येणारा-जाणारा हात फिरवून बघत होता. कुणी म्हणालं, पैशाचा चुराडा. कुणी म्हणालं, निदान पाहुण्यांना खाली बसवायची लाज वाटणार नाही. ती लिफ्टचं बटण दाबायला वळली आणि तिचं बोट हवेतच राहिलं. वाहत्या पाण्यानं टाकलेल्या वाळूत तिरप्या रेघा उमटतात. त्या खाली लवत लवत जमिनीला टेकतात, आणि वरच्या बाजूला सुरीनं छाटल्यासारख्या संपतात, कारण पुढच्या पुरानं त्यांचे शेंडे खरवडून नेलेले असतात. या लादीत शेंडे खाली होते आणि बूड वर. कोट्यवधी वर्षांपूर्वीची एक नदी लिफ्टशेजारी डोक्यावर उभी होती आणि जगात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. गवंड्याचा तरी काय दोष, त्याला लादीची बरी बाजू बघायची होती. तिला हसू यायला हवं होतं. एरवी तिनं मोबाइलवर फोटो काढून घरी सासूबाईंना पाठवला असता आणि त्यांच्याकडून दोन खमंग वाक्यं मिळवली असती. पण लिफ्ट आली, उघडली, मिटली, वर निघून गेली, आणि ती तिथंच उभी राहिली. असं उलटं तिनं या आधी पाहिलं होतं, अगदी हल्लीच, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

दिवसभर ते दातात अडकलेल्या दाण्यासारखं राहिलं. जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जावी तसं. ती भूजलाच्या विभागात होती. जमिनीखालचं पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि कोळसा काढताना ते कुणाचं पळवलं जातं, हे बघणं तिचं काम. समोर खाणीच्या पूर्व भागाचा पाण्याचा वार्षिक अहवाल उघडा होता. पूर्वेला कोळशाची कापणी दोन महिन्यांपूर्वी सुरू झाली होती. कोळसा कापत मशीन पुढं सरकायचं आणि मागची पोकळी तशीच सोडून द्यायची, म्हणजे वरचं छत आपोआप खाली बसायचं. छत बसलं की त्याच्या वरच्या खडकाला तडे जायचे. त्या तड्यांच्या वर, कापणीच्या वाटेवर, एक गाव होतं. शाळा, दवाखाना, बाजाराची गल्ली, आणि सगळ्यांना पुरून उरणारं गोड पाणी. हे पाणी ज्या वालुकाश्मात भरलेलं होतं, तो आणि कोळसा यांच्यामध्ये चिकणमातीचा एक जाड थर होता, म्हणून कापणीला परवानगी मिळाली होती. माती घट्ट, लवचीक. तडा गेला तरी लिंपला जाणार, थेंबभर पाणी खाली जाऊ देणार नाही. खाणीत त्या थराला सगळे गादी म्हणत. पाणी गादीवर झोपलंय, आपण पलंगाखाली काम करतोय, असा तिथला जुना विनोद होता. पूर्वेकडे आतला खडक अखंड कापून वर काढलेलं तपासणीचं भोक एकच होतं. बाकीची सगळी जुन्या पद्धतीची, त्यांतून नुसता चुरा वर यायचा. त्यात माती आहे एवढं कळायचं, पण वर की खाली हे सांगता यायचं नाही. त्या एका भोकातले मनगटाएवढे जाड दगडी दंडगोल पाच खणांच्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडलेले, प्रत्येक पेटीचा फोटो अहवालाला जोडलेला. चौदाव्या पेटीचा फोटो तिनं मोठा केला. वर वालुकाश्म, खाली माती. गादी जिथल्या तिथं होती. मग तिनं फोटो आणखी मोठा केला आणि वालुकाश्मातल्या बारीक तिरप्या रेघा बघितल्या. शेंडे खाली, बूड वर. जाड खडे वर, बारीक वाळू खाली. आणि नदी तर जड ते आधी टाकते, हे कुणी शिकवावंही लागत नाही. तिनं फोटो बंद केला, पाणी प्यायली, पुन्हा उघडला. त्या पेटीची नोंद सासूबाईंची होती.

तिच्या नवऱ्याचा एक ठरलेला विनोद होता. हिनं माझ्याशी लग्न केलं नाही, हिला माझी आई हवी होती, मी सोबत आलो, असं तो पाहुण्यांपुढे सांगायचा, आणि त्यात तथ्य अगदीच नव्हतं असं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिला खाणीत पहिल्यांदा खाली नेलं ते याच बाईंनी. तेव्हा त्या तिच्या सासूबाई नव्हत्या, विभागाच्या प्रमुख होत्या आणि सगळी खाण त्यांना पाणीबाई म्हणायची. बाकीचे नवख्यांना मशीन दाखवायचे, कोळसा दाखवायचे. पाणीबाईंनी तिला एका जुन्या बोगद्याच्या टोकाशी नेलं आणि दोघींच्या टोपीवरचे दिवे बंद करायला लावले. इतका काळोख की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे हात लावून बघावं लागलं. ऐक, त्या म्हणाल्या, हे वरून येतंय की बाजूनं? कुठंतरी टप टप होत होती. ती घाबरून वरून म्हणाली. बाईंनी तिचं बोट धरून ओल्या भिंतीला लावलं आणि चाखायला सांगितलं. आंबट, लोखंडाची चव. मग दुसरीकडे नेऊन पुन्हा चाखवलं. हे गोड, विहिरीच्या पाण्यासारखं. आंबट आहे ते इथलंच, कोळशात बसून कंटाळलेलं, बाई म्हणाल्या. गोड आहे ते पाहुणं, त्याची चौकशी करायची. त्या एका तासात तिला जे कळलं ते पाच वर्षांच्या शिक्षणात कळलं नव्हतं, असं ती पुढं कैक वेळा म्हणाली, आणि दर वेळी सासूबाईंनी तिला गप्प केलं. शिक्षण होतं म्हणून तासात कळलं, पुस्तकांना नावं ठेवू नकोस.

आणि तो ओढा. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडाचा डोंगर एका अंगाला पसरला होता. त्यातून झिरपलेलं पाणी नारिंगी होऊन ओढ्यात उतरायचं. मासे मेले, काठचं गवत जळाल्यासारखं झालं, गुरं वास घेऊन माघारी फिरायची. पाणीबाई प्रत्येक बैठकीत त्या पाण्याची बाटली घेऊन जायच्या आणि काही न बोलता टेबलाच्या मधोमध ठेवायच्या. चहा यायचा, बिस्किटं यायची, मध्ये ती बाटली. शेवटी कुणालाच बिस्किट जाईना, तेव्हा कुठे मंजुरी मिळाली. चुनखडीचे चर खणले, उथळ तळी करून त्यांत पाणगवत लावलं, आणि पाण्याला घाई न करता एकेका तळ्यातून जायला लावलं. आता तिथं खालच्या तळ्यावर चतुर उडतात, पोरं गळ टाकून बसतात. ती लग्नानंतर एकदा नवऱ्याला तिथं घेऊन गेली होती आणि ओढ्यात हात घालून, हे तुझ्या आईनं केलं, असं अशा सुरात म्हणाली होती की त्यानं, मग मी पण तिनंच केलंय, असं म्हणून तिला हसवलं होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणायच्या, मी काय केलं, चुनखडीनं केलं. तिला या माणसाचा अभिमान होता. सासूचा अभिमान असणं जरा चमत्कारिकच, मैत्रिणी तिला वेड्यात काढायच्या, पण होता त्याला ती काय करणार.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती खाणीवर गेली आणि पेट्यांच्या गोदामात चौदावी पेटी काढायला लावली. पत्र्याचं छप्पर, जुन्या लाकडाचा वास, धुळीत तिच्या बुटांचे ठसे. तिनं दगडावर पाणी ओतलं. ओला दगड खोटं बोलत नाही. रेघा फोटोत होत्या त्याहून स्पष्ट, आणि फोटोत होत्या तशाच, उलट्या. एकच नाही, त्या पेटीतला प्रत्येक तुकडा. तेराव्या पेटीतले सरळ होते, पंधराव्यातलेही. कसं झालं असेल तेही तिला बसल्या जागी दिसलं, कारण हे तिच्या हातूनही होता होता राहिलं होतं. भोकातून निघालेला खडक चिखलानं माखलेला असतो. पेटी नळाखाली नेऊन धुतात, आणि धुऊन परत ठेवताना दोघांनी उचललेली पेटी वळते. डावं टोक उजवीकडे जातं, शेवट सुरुवातीला. मग माणूस समजुतीनं वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला लागतो, प्रत्येक तुकड्यावर रंगानं वरच्या दिशेचा बाण काढतो, आणि पाच मीटर जमीन कागदावर कायमची पालथी होते. पेटी सरळ केली तर गादी वर जात होती आणि गावाचा वालुकाश्म तिच्या खाली येत होता, थेट कोळशाच्या डोक्यावर. पाणी गादीवर झोपलेलं नव्हतं. पाणी गादीखाली होतं, मशीनच्या आणि त्याच्या मध्ये काहीच नव्हतं. छत बसलं की गावाचं सगळं पाणी तड्यांवाटे खाणीत उतरणार आणि कोळशात बसून आंबट होणार. तिनं एक तुकडा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. खाणीच्या व्यवस्थापकांची गाडी बाहेर उभी होती. दार ठोठावायला दहा पावलं पुरली असती. ती सरळ बसथांब्यावर गेली.

मग शनिवार आला, रविवार आला. घरात तिघांचं जेवण, सासूबाईंचं गुडघ्याला तेल लावणं, रोज सकाळी नळाच्या पहिल्या पेल्याचा वास घेऊन आज क्लोरीन जास्त आहे असं जाहीर करणं, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि ती चोरासारखी वावरत होती. सासूबाईंनी दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का तुझं. नवऱ्याला तिनं सांगितलं. तो औषधांचं दुकान चालवायचा; माणसाला किती कडू किती थेंबांत द्यायचं याचा त्याला सराव होता. ती गादी म्हणजे आईची आयुष्यभराची कमाई आहे, तो म्हणाला, नव्या मुलांना अजून तिची ती नोंद दाखवून शिकवतात, तिच्या निरोपाच्या समारंभात सगळे तेवढंच बोलले होते. सत्तरी उलटल्यावर तिला हे कशाला? तू असं लिही की सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. तेच तिलाही ऐकायचं होतं. सोमवारचा सगळा दिवस तिनं एका वाक्यावर घालवला. पूर्वेकडील थरांच्या क्रमाविषयीच्या नोंदीत काही विसंगती आढळल्याने फेरतपासणी उचित ठरेल. विसंगती छान शब्द होता. तो कुणाच्या हातून होत नाही, आपसूक आढळतो. आढळल्याने की दिसून आल्याने, उचित की इष्ट, असं करता करता संध्याकाळ झाली, आणि त्या सगळ्या वेळात तिच्या मनाच्या तळाशी मशीन कोळसा कापत पुढं सरकतच होतं. रात्री जेवताना सासूबाईंनी तिच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला. तिला रडू फुटेल असं वाटलं. या बाईला आपण तोडणार आहोत, आणि तेही तिनंच शिकवलेल्या विद्येनं, हे तिला गिळवत नव्हतं.

मंगळवारी कामावरून आल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली नाही. सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या, पाय वेताच्या बुटक्या मोड्यावर. तिनं रुमाल सोडून तुकडा त्यांच्या हातात दिला आणि फक्त भोक कुठलं आणि पेटी कितवी ते सांगितलं. तुकडा जोडावरचा होता, अर्धा वालुकाश्म, अर्धी माती. सासूबाईंनी नखानं मातीचा कण काढून दाताखाली धरला, चावला, कचकच नाही, चोख आहे, असं स्वतःशी म्हणाल्या. मग भिंग मागितलं. तिनं ते आणून दिलं. सासूबाईंनी दगड उजेडाकडे धरला, कडेवरचा पांढरा बाण बघितला, त्यांनीच काढलेला, त्यांच्या त्या ठाम वळणाचा. रेघा बघितल्या. दगड फिरवला. पुन्हा फिरवला. ती त्यांच्या केसांतल्या भांगाकडे बघत राहिली, तिथं आता कातडी दिसू लागली होती.

मग सासूबाई हसल्या. बारीकसं हसू नव्हे, मोड्यावरचा पाय खाली आला इतकं.

"अगं, म्हणून ती दवाखान्याची बोअर ऐकत नव्हती," त्या म्हणाल्या.

आणि सुटल्याच. दवाखान्याच्या बोअरला पाणी लागलं तेव्हा ते लागलं तिथं थांबलं नव्हतं, आपसूक कितीतरी वर चढून आलं होतं. पाऊस पडो न पडो, महिनोन्महिने तिची पातळी ढिम्म. गादीवर उघडं पडलेलं पाणी असं वागत नाही. असं वागतं ते गादीनं वरून दाबलेलं पाणी. इतकी वर्षं ती बोअर त्यांच्या डोक्यात ठसठसत होती. निवृत्त झाल्यावरसुद्धा, झोप येईना तर तीच आठवायची. कागदावर काय लिहिलं होतं माहीत आहे का, भेग. तिथं एखादी भेग असावी. आम्हाला काही कळलं नाही की आम्ही भेग म्हणतो बघ. त्या दगड हातात खेळवत होत्या, डोळे चमकत होते, आणि चेहऱ्यावर दुःख शोधूनही सापडत नव्हतं. हरवलेली किल्ली आपल्याच पदराला सापडावी तशी ती बाई खूश होती. आपल्या नावाची इमारत डोळ्यांपुढं पडतेय आणि हिला आनंद कशाचा, तर मागची खिडकी आता नीट दिसली याचा. चार रात्री आपण कुणासाठी जागलो, असं तिच्या मनात आलं. जिच्यासाठी जागलो ती बाई आपण कधी ओळखलीच नव्हती.

"कधी पाहिलंस हे?" सासूबाईंनी विचारलं.

"शुक्रवारी."

"व्यवस्थापक काय म्हणाले?"

ती रुमालाची घडी घालू लागली. सासूबाईंनी दगड मोड्यावर ठेवला. हसू गेलं ते एकदम गेलं नाही, पाणी ओसरतं तसं कडेकडेनं गेलं. कापणी चालू आहे का, त्यांनी विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली. तिनं घाईघाईनं त्या वाक्याबद्दल सांगितलं, विसंगतीबद्दल, उद्या अहवाल जाणारच होता, तुम्हाला आधी सांगावं असं वाटलं, तुमचं नाव, असं काहीबाही. आवाज तिचा तिलाच लाचार वाटला.

"माझी चूक जुनी आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तिनं आजवर कुणाचा घडा रिकामा केला नाही. हे चार दिवस तुझे आहेत. गावाच्या पाण्यापेक्षा सासू मोठी केलीस होय गं? फोन लाव."

तिला वाटलं होतं की सासूबाई फोन हातात घेतील. त्यांनी घेतला नाही. त्या समोर बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. व्यवस्थापक घरी निघायच्या बेतात होते, आवाजात दिवस संपल्याची सैल मजा होती. तिनं पेटीचं सांगितलं, उलट्या रेघांचं सांगितलं, गादीचं सांगितलं. सांगताना ती आपोआप वाकड्या वाटेनं गेली, नोंदीत फरक, धुताना झालं असावं, तपासून बघायला हवं. ते ऐकून घेत होते. त्या भोकाच्या जागेपासून कापणी किती लांब आहे, तिनं विचारलं. लांब कसली, ते म्हणाले, उद्या-परवा खालून जाऊ. आणि मग समजुतीच्या सुरात त्यांनी तिला सांगितलं की उगाच घाबरू नकोस, तू फोटोवरून बोलतेस, तिथं पाणीबाईंनी स्वतः उभं राहून लिहिलंय. मी नवा होतो तेव्हा त्यांच्या हाताखाली घडलोय. "बाईंनी गादी वर नाही, खाली आहे म्हटलं ना? मग ती काळ्या दगडावरची रेघ. तुझ्याच सासूबाई आहेत, तुला मी सांगायचं?"

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या आवाजात तोच आदर होता जो तिच्या पोटात शुक्रवारपासून दगडासारखा बसला होता, आणि या क्षणी त्या आदराइतकं घातक त्या खाणीत दुसरं काही नव्हतं. तिनं वर बघितलं. सासूबाईंना पलीकडचं सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी भुवया किंचित उंचावल्या, बोल, एवढंच.

"बाई चुकल्या," ती म्हणाली.

पलीकडून ते हळू आवाजात म्हणाले, असं बोलू नये गं, काही झालं तरी.

"त्याला पटलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा सांग. नीट सांग."

या वेळी तिचा आवाज आला तो कोरडा आणि सरळ आला. "पाणीबाई चुकल्या. पेटी उलटी होती, त्यांना कळलं नाही. गावाचं पाणी गादीखाली आहे, तुमच्या डोक्यावर. मी शुक्रवारी पाहिलं आणि आज सांगतेय, ही माझी चूक. मशीन थांबवा."

मग फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, खुर्ची सरकली, आणि लांबून, दुसऱ्या कुणालातरी उद्देशून, व्यवस्थापक ओरडताना ऐकू आले की पूर्वेकडची कापणी बंद करा, आत्ता, कारण मग सांगतो. तिनं ते अखेरपर्यंत ऐकलं. डोळे पुसून समोर बघितलं तर खुर्ची रिकामी होती. सासूबाई आतल्या खोलीत पलंगाखाली काठी घालून आपले खाणीतले बूट बाहेर ओढत होत्या.